‘इम्पॉर्च्युनिटी’ : तगादा की निर्भीड मागणे?

वाचावयाचा शास्त्रभाग : लूक ११:५-१३, १८:१-८



इंग्रजी पवित्र शास्त्राची १६११ सालची किंग जेम्स आवृत्ती आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. तिच्यात लूक ११:८ मध्ये ‘इम्पॉर्च्युनिटी’ हा शब्द येतो. एखाद्याची पाठ न सोडता, तो त्रासून जाईपर्यंत मागत राहणे, हा त्याचा रूढ अर्थ. मराठीत आपण तगादा लावणे, लकडा लावणे, पिच्छा पुरवणे असे म्हणतो. चिकाटी हा गुण होय. या शब्दात मात्र उपद्रवाचीही छटा आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर. वारा बंदराकडे नेणारा असला की वेळ अनुकूल. त्यावरून ‘ऑपॉर्च्युनिटी’, म्हणजे संधी. त्याच्या उलट जे अवेळी व त्रासदायक, त्यावरून ‘इम्पॉर्च्युनिटी’. मध्यरात्री भाकरी मागावयास आलेल्या मित्राला हा शब्द शोभतो खरा.

परंतु मूळ ग्रीक शब्द ‘अनाइदेइया’ हा आहे. नव्या करारात तो या एकाच ठिकाणी आढळतो. ‘आइदोस’ म्हणजे लाज, भीड. आणि आरंभीचा ‘अन्’ संस्कृतातील ‘अन्’प्रमाणेच अभाव दाखवतो. तेव्हा ‘वारंवार मागणे’ हा या शब्दाचा मूळ अर्थ नव्हे; ‘लाज न बाळगणे’ हा होय. म्हणूनच न्यू इंटरनॅशनल व्हर्शनच्या २०११ च्या आवृत्तीत ‘निर्लज्ज धाडस’ अशा अर्थाचे शब्द घातले आहेत. केनेथ बेली यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात निराळे मत मांडले : येथे प्रश्न झोपलेल्या मित्राच्या लाजेचा आहे, गावात आपली नाचक्की होऊ नये म्हणून तो उठतो. मत कोणतेही घ्या, शब्दाच्या मुळाशी लाजच आहे.

आता दाखला पुन्हा वाचा. तो मनुष्य किती वेळा मागतो? वचनात एकदाच मागितल्याचे दिसते. पुन्हा पुन्हा येणारी आहे ती अठराव्या अध्यायातील विधवा. झोपलेला मित्र आणि अन्यायी न्यायाधीश हे दोघेही त्रासाची तक्रार करतात, व दोन्ही ठिकाणी ‘कोपोस’ हाच ग्रीक शब्द आहे. त्यामुळे हे दाखले आपल्या मनात सहज एक होतात आणि प्रार्थना म्हणजे देवाला लावलेला तगादा, अशी समजूत होऊन बसते.

या समजुतीने किती जखमा केल्या आहेत! एखाद्या घरातील आजारी मूल दगावते, आणि सांत्वनास आलेला कोणी म्हणतो, “तुमची प्रार्थना कमी पडली.” जणू आणखी चार रात्री जागून काढल्या असत्या, तर देव कंटाळून उठला असता! असे बोलणारा स्वर्गीय पित्याला त्या न्यायाधीशाच्या आसनावर बसवतो. प्रभू येशूचा युक्तिवाद नेमका याच्या उलट आहे. आळसावलेला मित्र उठतो, अन्यायी न्यायाधीशही न्याय देतो. तर मग पिता किती विशेषेकरून देईल! येथे साम्य दाखवलेले नाही, विरोध दाखवलेला आहे.

मग चिकाटी नको काय? अवश्य हवी. लूक १८:१ सांगते की, हा दाखला सर्वदा प्रार्थना करण्याविषयी व खचून न जाण्याविषयी आहे. आपण प्रार्थनेत टिकून राहतो ते आपले मन खचू नये म्हणून. देवाला थकवण्यासाठी नव्हे.

अकराव्या अध्यायाचा धडा मात्र भिडस्तांसाठी आहे. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपण जाणतोच. “माझे एवढेसे दुःख देवापुढे काय न्यावे?” “इतक्या वर्षांनी आता कोणत्या तोंडाने मागू?” असे म्हणत कित्येक विश्वासी दारापर्यंतही जात नाहीत. त्या मित्राची वेळ चुकीची होती, दार बंद होते, मुले निजली होती. तरी त्याने मागितले. आणि त्या तीन भाकरी त्याला स्वतःसाठी नको होत्या, दारी आलेल्या पाहुण्यासाठी हव्या होत्या.

वाचकहो, भिडेपोटी आपण कोणती विनंती मनातच ठेवली आहे? आपल्या दारी आलेल्या कोणासाठी मागावयाचे राहून गेले आहे? आज ते निःसंकोचपणे मागा. आपला पिता झोपलेला नाही.