नाण्यांची साक्ष

राजे जातात, राजवाडे ढासळतात. परंतु तळहातावर मावणारे एखादे नाणे शेकडो वर्षांनी मातीतून वर येते आणि त्यांची हकीकत सांगू लागते.

नाशिक जिल्ह्यात गोदावरी व दारणा या नद्यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात सुमारे १३,२५० नाणी होती. ती सारी क्षत्रप राजा नहपान याने पाडलेली होती. नाण्याच्या एका बाजूस राजाचा मुखवटा व भोवती ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख आहेत. नहपानाच्या राज्यात नाशिकही होते आणि सोपाऱ्याचे बंदरही. या दोहोंमधील डोंगराळ मुलखातच आजचे जव्हार व मोखाडा हे तालुके वसले आहेत.

या साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर मात्र दुसराच ठसा उमटलेला दिसतो. एका बाजूस तीन कमानींचा डोंगर व गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव. दुसऱ्या बाजूस, ज्याच्या चारही टोकांना वर्तुळे आहेत असे फुलीचे चिन्ह! सातवाहन राजा गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्याच नाण्यांवर आपली मुद्रा उठविली. चांदी तीच राहिली. धनी मात्र बदलला. ज्या काळी वर्तमानपत्रे नव्हती, त्या काळी ही वार्ता बाजारात हातोहात फिरली असेल.

रोममध्येही हीच रीत होती. इ. स. पूर्व ४४ मध्ये जूलियस सीझरचा वध झाला. त्यानंतर ब्रूटसने आपल्या नाण्यावर दोन खंजीर व त्यांच्यामध्ये स्वातंत्र्याची खूण असलेली टोपी कोरविली. हत्येला मुक्ती म्हणावे, हेच त्याला लोकांना सांगावयाचे होते.

म्हणून नाण्याचे बोलणे पारखून घ्यावे लागते. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा लेख आहे. पुत्राने क्षहरातांचे, म्हणजे नहपानाच्या कुळाचे, निर्मूलन केले, असे तो सांगतो. लेखही विजेत्याच्या घरचा आणि ठसाही विजेत्याचाच! तथापि पुष्कळ नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. जे पुसावयाचे होते, तेच नाण्याने जपून ठेवले आहे.