चौकोनांत मांडलेला जपान

समजा, एका गावाच्या हद्दीत बहुतेक डोंगर आहे आणि सारी वस्ती नदीकाठी दाटली आहे. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागले, तर उत्तर येईल ‘विरळ वस्ती’. पुराचे पाणी मात्र नेमके नदीकाठीच शिरणार! नियोजन करणाऱ्याला अशी सरासरी फसवते. त्यातून गावांच्या हद्दीही बदलतात. जपानमध्ये १९५३ ते १९६१ या काळात गावे व शहरे एकमेकांत विलीन होऊन त्यांची संख्या ९,८६८ वरून ३,४७२ वर आली. मग आधीच्या जनगणनेचे आकडे नंतरच्या आकड्यांशी ताडून पाहायचे कसे?

म्हणून १९७३ साली जपानने अक्षांश-रेखांशांवरून प्रमाणित चौकोन ठरवले. मोठा चौकोन ४० मिनिटे अक्षांश व १ अंश रेखांश एवढा, म्हणजे बाजू सुमारे ८० किलोमीटर. (अंशाचा साठावा भाग तो मिनिट, मिनिटाचा साठावा तो सेकंद; घड्याळाशी याचा संबंध नाही.) त्याचे ८ × ८ भाग केले की बाजू १० किलोमीटर होते, त्या प्रत्येकाचे पुन्हा १० × १० केले की सुमारे १ किलोमीटर.

चौकोनांना क्रमांक देण्याची रीत तर फारच सुरेख आहे. वही-पेन्सिल घ्या. टोकियो स्थानक सुमारे ३५° ४०′ ५२″ उत्तर, १३९° ४६′ २″ पूर्व येथे आहे. अक्षांशाच्या अंशांना दीडने गुणा: पूर्णांक ५३. रेखांशातून १०० वजा करा: ३९. मोठा चौकोन झाला ५३३९. त्याची दक्षिण कड ३५° २०′ वर. स्थानक तिच्या उत्तरेला २०′ ५२″. त्यात ५ मिनिटांचे पूर्ण टप्पे ४. उरलेल्या ५२ सेकंदांत ३० सेकंदांचा टप्पा १. पश्चिम कडेपासून अंतर ४६′ २″. त्यात साडेसात मिनिटांचे टप्पे ६, उरलेल्या ६२ सेकंदांत ४५ सेकंदांचा टप्पा १. चौकोनाचा क्रमांक ५३३९-४६-११!

हे चौकोन काटेकोर समान मात्र नाहीत. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येतात. म्हणून लहान चौकोनाची पूर्व-पश्चिम बाजू ओकिनावात सुमारे १.२५ किलोमीटर, तर होक्काइदोच्या उत्तर टोकाला ०.९८ भरते. तेव्हा नुसती माणसे मोजून भागत नाही, घनता काढावी लागते.

आणि या न हलणाऱ्या रेषाही एकदा हलल्या. २००२ साली जपानने आपली जुनी भूमापन-पद्धती सोडून जागतिक पद्धती स्वीकारली. त्यामुळे टोकियोजवळ सर्व चौकोन सुमारे ४५० मीटर आग्नेयेकडे सरकले, म्हणजे जवळजवळ अर्धा चौकोन! क्रमांक तेच राहिले. पण नदीकाठची कित्येक घरे शेजारच्या चौकोनात गेली.