बुलेटचं डोकं गार ठेव

भाच्या, दाजींची बुलेट तू बाहेर काढलीस, पुसलीस, चालू केलीस, लई बरं वाटलं. पण परवा फोनवर म्हणालास, "मामा, हिला जरा पळती करायची." तू आधी हात घालशील अन् मग ढकलत माझ्याकडं आणशील, त्यापेक्षा आत्ताच ऐक.

हे जुनं बिडाचं इंजिन. 346 सीसी, 70 चा बोअर, 90 चा स्ट्रोक, अठरा हॉर्सपॉवर. पाणी नाही, रेडिएटर नाही. परदेशातली ती गोल पाठीची बीटल मोटारही हवेवरच थंड व्हायची, पण तिच्या इंजिनाला निदान पंखा होता. आपल्याला समोरून येईल तोच वारा, आणि मे महिन्यात हदगावचा वारा म्हणजे भट्टीची फुंकर. ताकद वाढवली की उष्णता वाढते. ती जाणार कुठं, हे आधी ठरव.

म्हणून सुरुवात सिलिंडरच्या फिनपासून. आपली काळी माती आणि गळकं ऑइल एकत्र आलं की त्याचं सिमेंट होतं. डिझेल आणि बांबूची कामटी घेऊन एकेक खाच मोकळी कर. वरून जाड ऑइलपेंट थापू नकोस. तापलेल्या इंजिनावर पाणी तर कधीच मारू नकोस, बीड तडकतं.

मग टॅपेट. इंजिन गार, पिस्टन वर, दोन्ही वाल बंद. उजव्या बाजूचं झाकण काढ आणि पुशरॉड दोन बोटांत धर. ती सहज गोल फिरली पाहिजे, पण वर-खाली तसूभरही हलता कामा नये. फिरायला जड गेली तर टॅपेट घट्ट आहे, गरम झाल्यावर वाल नीट बसणार नाही आणि जळेल. खडखड वाजली तर ढिली. गेज लागत नाही, बोटांना कळतं. तुझ्या बोटांना कळायला दहा वेळा करावं लागेल, एवढंच.

टायमिंगचंही तसंच. आधी पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर कर, कारण गॅप बदलला की टायमिंग हलतं. मग पिस्टन टोकाच्या 0.8 मिलिमीटर अलीकडं आण, पॉइंटच्या मधे सिगारेटचा पातळ कागद धर आणि हलकेच ओढ. ज्या क्षणी कागद सुटतो, त्या क्षणी पॉइंट उघडतो. टायमिंग मागं राहिलं तर इंजिन तापतं, फार पुढं नेलं तर चढाला टकटक वाजतं. निम्म्या बुलेटी एवढ्यानंच सुधारतात, नवा पार्ट न घेता.

आता खर्चाचं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रण म्हणजे उष्णता. म्हणून मेन जेट एक पायरी मोठा टाक. नांदेड रोडला मोकळ्या ठिकाणी गाडी ताणून चालव, क्लच दाबून तिथंच चावी बंद कर, प्लग काढून बघ. चॉकलेटी आला तर जेट बरोबर, पांढरा आला तर अजून मोठा हवा, काळा आला तर परत लहान. पेट्रोलची रबरी नळी मात्र नवीन घाल, जुनी या पेट्रोलनं फुगते.

पुढचं दातेरी चक्र 16 दातांचं असतं. 17 चं टाकलंस तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे शंभराला सहा कमी. सपाट रस्त्याला मजा येते. पण 18 नको. एका वैशाखात मी 18 टाकलं होतं, वर टायमिंग पुढं केलं, आणि तुझ्या मामीला घेऊन माहूरला निघालो. गडाच्या चढाला इंजिन कुथलं, दोनदा खडखडलं आणि पिस्टन जाम. झाडाखाली दोन तास बसलो. मामी अजून सुनावते.

सायलेन्सरची जाळी काढायचं डोक्यात असेल तर काढून टाक, म्हणजे ते डोक्यातलं. आवाज वाढतो, ताकद नाही, शिवाय पोलिसांचा दंड. तेच पैसे वाल घासून घ्यायला आणि 20-50 च्या चांगल्या ऑइलला घाल. आणि ऑइलची पातळी गाडी थोडी चालवून मग बघायची. उभ्या गाडीत ऑइल टाकीतून खाली झिरपतं, कमी दिसतं, आणि तुझ्यासारखे वरून ओततात.

रविवारी आपण टॅपेट करू. पण सकाळी गाडी चालवत येऊ नकोस. शनिवारी रात्रीच माझ्या अंगणात आणून लाव, इंजिन गार पाहिजे.