वैमानिकाची पहिली नोकरी

"मोठेपणीं तूं कोण होणार?" हा प्रश्न आम्ही दरवर्षीं आठवीच्या वर्गांत विचारीत असतों. पूर्वीं उत्तरें ठराविक येत: डॉक्टर, वकील, इंजिनिअर. अलीकडे प्रत्येक वर्गांत दोन-तीन मुलें, आणि तितक्याच मुलीही, "वैमानिक" असें उत्तर देतात. सोनेगांवच्या विमानतळावर उतरणारीं विमानें नागपूरच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यांतलीं असल्यामुळें या उत्तराचें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु वैमानिक होणें आणि वैमानिकाची नोकरी मिळणें या दोन गोष्टींमध्यें केवढें अंतर आहे, हें विद्यार्थ्यांस ठाऊक नसतें व पालकांस बहुधा उशिरां कळतें. तें अंतर समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा विषय सुचला तो एका भेटीमुळें. गेल्या उन्हाळ्यांत काटोलकडील एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. संत्र्याच्या बागेवर कर्ज काढून त्यांनीं त्याला विमानविद्या शिकविली. परवाना हातीं पडून दीड वर्ष लोटलें, तरी नोकरीचा पत्ता नव्हता. आणि आतां मुलगा म्हणत होता कीं, आफ्रिकेंत जाऊन एखाद्या लहान कंपनीचें विमान चालवीन. पिता खिन्न स्वरानें म्हणाले, "सर, एवढें शिकून हा पोरगा जंगलांत टांगाच हाकणार ना?" त्या दिवशीं आम्ही त्यांस नीट उत्तर देऊं शकलों नाहीं. पुढें वाचन केलें, जाणत्यांस विचारलें, आणि जें समजलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम परवान्याचा विचार करूं. आपल्या देशांत व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठीं वयाचीं अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. वैद्यकीय तपासणींत उतरावें लागतें. मार्गशोधन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची रचना या विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. आणि निदान २०० तास प्रत्यक्ष उड्डाण करावें लागतें. हें शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्या महाराष्ट्रांत बारामती येथें आहेत, तशीच एक मोठी संस्था आपल्या विदर्भांत गोंदियाजवळ बिरसी येथें आहे. खर्च पन्नास लाख रुपयांच्या घरांत, कित्येकदां त्याहूनही वर जातो. एवढें सारें झाल्यावर जो हातीं पडतो तो परवाना होय, नोकरी नव्हे.

आतां २०० तास म्हणजे किती, तें पाहा. दिवसाला पांच तास शिकविणारा शिक्षक चाळीस दिवसांत २०० तास वर्गांत उभा राहतो. पण चाळीस दिवसांच्या अनुभवावर त्यास कोणी मुख्याध्यापक करीत नाहीं. मोठ्या प्रवासी विमानाचा कप्तान होण्यास जो वरचा परवाना लागतो, त्यासाठीं १५०० तासांचा अनुभव मागतात. मोठ्या कंपन्या नव्या माणसास सहवैमानिक म्हणून घेतात हें खरें. परंतु जागा मोजक्या असतात, विशिष्ट विमानाच्या शिक्षणास आणखी कित्येक लाख रुपये पडतात, आणि धंद्यास ओहोटी लागली कीं सर्वांचीच भरती एकदम थांबते. २०१९ सालीं जेट एअरवेज बंद पडली, २०२० सालीं साथीमुळें विमानें जमिनीवर बसलीं, २०२३ सालीं गो फर्स्ट थांबली. अशा प्रत्येक वेळीं अनुभवी वैमानिकही नोकरीच्या रांगेंत येऊन उभे राहतात व नवशिका आपोआप मागें ढकलला जातो. विम्याच्या कंपन्यासुद्धां थोड्या तासांच्या वैमानिकाविषयीं साशंक असतात. काम नाहीं म्हणून तास नाहींत, आणि तास नाहींत म्हणून काम नाहीं, असा हा फेरा आहे.

हा फेरा आजचाच आहे असें मात्र कोणी समजूं नये. प्रेम माथुर या बाईंनीं १९४७ सालीं व्यावसायिक परवाना मिळविला. आठ कंपन्यांनीं त्यांस नकार दिला. शेवटीं हैदराबादच्या डेक्कन एअरवेज या कंपनीनें त्यांस कामावर घेतलें. त्यांच्याही आधींचें उदाहरण नेव्हिल व्हिंटसेंट यांचें. हे गृहस्थ मूळचे दक्षिण आफ्रिकेंतले व ब्रिटिश हवाई दलांतून बाहेर पडलेले. १९२९ सालीं ते हिंदुस्थानांत आले आणि गांवोगांव लोकांस विमानांतून फेरी मारून आणण्याचा धंदा करूं लागले. जत्रेंतील पाळण्यासारखाच तो व्यवसाय! परंतु त्या भटकंतींत त्यांस या देशाचीं मैदानें, वारे आणि पाऊस यांची ओळख झाली. आणि हवाई टपालाची जी योजना त्यांनीं टाटांपुढें मांडली, तिच्यांतून १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराची-मुंबई-मद्रास ही टपालसेवा सुरू झाली. त्या दिवशीं कराचीहून मुंबईपर्यंत स्वतः जे. आर. डी. टाटा यांनीं विमान आणलें व पुढें तें व्हिंटसेंट यांनीं नेलें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई, म्हणून त्या दिवसांत विमानें पुण्याहून उडत. अशा स्थितींत या लहानशा कंपनीनें पहिल्या वर्षांत १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलें. उतारू मात्र अवघे १५५ मिळाले.

आपल्या नागपूरचा वाटाही या इतिहासांत आहे. १९४९ सालीं रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हां दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहांटेपर्यंत तीं आपापल्या शहरीं परतत. देशाच्या मध्यभागीं असल्याचा हा मान होता. पुढें १९५३ सालीं आठ कंपन्या मिळून एक इंडियन एअरलाइन्स झाली. व्यवस्थेच्या दृष्टीनें त्यांत लाभ असेल. पण नवशिक्या वैमानिकाला ठोठावण्यास पूर्वीं आठ दारें होतीं, तेथें एकच उरलें.

आफ्रिकेंत मात्र अशीं लहान दारें आजही पुष्कळ आहेत. बोट्स्वाना देशांत माऊन नांवाचें एक गांव आहे. त्याच्या वायव्येस ओकावांगो नदी समुद्रास न मिळतां वाळवंटांत पसरते व तिचा विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश होतो. २०१४ सालीं तो जागतिक वारशाच्या यादींत घेतला गेला. दूर अंगोलांत पडलेल्या पावसाचें पाणी सावकाश वाहत येतें आणि ऐन कोरड्या हंगामांत येथें पूर येतो. तेव्हां वन्य पशु पाण्याभोंवतीं जमतात, आणि त्यांस पाहण्यासाठीं जगांतून प्रवासी येतात. रस्ते थोडे, तेही वाळूचे किंवा पाण्याखालचे. म्हणून प्रवासी, औषधें, भाजीपाला, सारें लहान विमानानेंच न्यावें लागतें. सहा आसनांचें सेस्ना २०६ किंवा त्याहून मोठें कॅराव्हॅन घेऊन एकटा वैमानिक दिवसांतून अनेक वेळां उतरतो व उडतो.

काटोलच्या त्या पित्यास आमचें उत्तर येथें आहे. हा टांगा खरा. परंतु तो हाकणारा स्वतःच सामानाच्या पिशव्या तोलून भरतो, इंधन तपासतो, ढगांचा अंदाज घेतो, आणि उतरण्यापूर्वीं धावपट्टीवरून एक फेरी मारून हत्ती-जिराफ तर आडवे नाहींत ना, हें पाहतो. माऊन समुद्रसपाटीपासून सुमारें ३१०० फूट उंच आहे. आपलें सोनेगांव हजार फुटांच्या आसपास. उंची व उष्णता यांनीं हवा विरळ होते, पंखांस आधार कमी मिळतो, इंजिनाचा जोर घटतो, आणि विमानास उडण्यापूर्वीं अधिक लांब धावावें लागतें. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत वाचलेला घनतेचा नियम तेथें रोज दुपारीं जिवंत उभा राहतो. महिन्यास साठ तास उड्डाण झालें, तरी दोन वर्षांच्या आंत २०० चे १५०० तास होतात. आणि ते सारे स्वतः निर्णय घेऊन मिळविलेले असतात.

हें काम मिळवावें कसें? या लहान कंपन्या घरीं पत्र पाठवून कोणास बोलावीत नाहींत. उन्हाळी पाऊस संपून प्रवाशांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं नवे वैमानिक तेथें जाऊन राहतात, प्रत्येक कचेरींत समक्ष जाऊन कागद देतात, आणि धीर धरून वाट पाहतात. मुख्य वैमानिक माणूस पाहून निवडतो. कारण दूरच्या पट्टीवर त्यास एकट्यास पाठवावयाचें असतें. नामिबियांतील विंडहुक, टांझानियांतील आरुशा व दार-एस-सलाम, केनियांतील नैरोबीचा विल्सन विमानतळ, हींही अशींच ठिकाणें होत. तथापि आपला परवाना तेथील हवाई खात्याकडून मान्य करून घ्यावा लागतो, त्यासाठीं परीक्षाही असते. आणि नोकरीचा सरकारी परवाना मिळाल्यावांचून काम करणें हा गुन्हा आहे. त्या देशांनाही आपलीं मुलें आहेत. प्रथम हक्क त्यांचा, हें न्याय्यच होय.

तीन धोके मात्र सांगितलेच पाहिजेत. पहिला दलालाचा: "इतके पैसे भरा, नोकरी देतों" म्हणणाऱ्यास एक रुपयाही देऊं नये. दुसरा खोटेपणाचा: न उडालेले तास वहींत लिहिण्याचा मोह. २०११ सालीं आपल्याच देशांत खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याचीं प्रकरणें उघडकीस आलीं. खोटा तास कागदावर खपतो, वादळांत खपत नाहीं. तिसरा धोका भिडेचा: मालकाची घाई असते, पाहुणा जादा पिशवी पुढें करतो, आणि बावीस वर्षांच्या मुलास "नाहीं" म्हणवत नाहीं. लहान विमानांचे अपघात पुष्कळदां वजन व हवामान यांच्याविषयींच्या अशा भिडेंतून होतात. विमान उडविण्यास जितकें कसब लागतें, त्याहून अधिक धैर्य तें न उडविण्यास लागतें.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, शिक्षणाचा खर्च मोजतांना परवान्यानंतरच्या निदान दोन वर्षांचाही हिशेब करावा. आणि जी जमीन गेल्यास घर उघडें पडेल ती गहाण ठेवूं नये. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, गणित, पदार्थविज्ञान आणि इंग्रजी संभाषण यांची तयारी आजच करा, आणि लहान कामाची लाज धरूं नका.

त्या गृहस्थांनीं अखेर मुलास जाऊं दिलें. अटी तीन घातल्या: परतीचें तिकीट आधींच काढावें, सहा महिन्यांपुरताच खर्च न्यावा, आणि बागेवर नवें कर्ज नाहीं. हें लिहीत असतां तो माऊन येथें आहे. काम अद्याप मिळालेलें नाहीं. त्याचा निरोप आला आहे कीं, दोन कचेऱ्यांत आतां त्यास नांवानें ओळखतात, आणि तेथील ऊन आपल्या वैशाखापुढें कांहींच नाहीं. परवां त्याचे वडील भेटले. पूर्वींची खिन्नता चेहऱ्यावर नव्हती. म्हणाले, "सर, टांगा मिळाला तरी चालेल, पण घोडा आणि रस्ता नीट पाहूनच हाक, असें त्याला तुम्हीही सांगा." तें आम्हीं त्यास कळविलें आहे.