मुक्कीचा हंगाम आणि खोलीभाड्याची सवलत

कान्हा राष्ट्रीय उद्यान मंडला व बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. त्याचे मुक्की प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यातील बैहर तहसिलीत येते. मध्य प्रदेश राज्य पर्यटन विकास निगमाचे निवासगृह येथे बंजर नदीकाठी असून आसपास खासगी निवासगृहेही पुष्कळ झाली आहेत. यांतील एकाच खोलीचे भाडे डिसेंबरअखेर एक असते आणि ऑगस्टमध्ये दुसरेच. गोंदिया-नागपूरकडून येणाऱ्या प्रवाशास ही मालकाची लहर वाटते. परंतु त्यामागे साधा हिशेब आहे.

धान्य कोठारात ठेवता येते, आज न विकले तर पुढील महिन्यात विकता येते. खोलीची रात्र मात्र साठवता येत नाही. रिकामी गेलेली रात्र आठवडी बाजारात संध्याकाळी उरलेल्या पालेभाजीपेक्षाही नाशवंत होय. समजा, खोलीत पाहुणा आल्याने धुलाई, वीज व न्याहारी मिळून आठशे रुपये जादा खर्च होतो. हंगामात सहा हजारांना जाणारी ती खोली पावसाळ्यात तीन हजारांना दिली, तरी बावीसशे रुपये उरतात. पहारेकरी, स्वयंपाकी व माळी यांचे पगार आणि कर्जाचे हप्ते खोली रिकामी असली तरी चुकत नाहीत. त्यांस हे बावीसशे उपयोगी पडतात. आठशेंच्या खाली दर नेणे हा मात्र शुद्ध तोटा होय, आणि अशा तोट्याची झळ प्रथम कामगारांच्या मजुरीस लागते.

हंगाम कोण ठरवितो? मुक्कीत तो जंगल ठरविते. उद्यानाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांस बंद असतो. दिवाळी, नाताळ व होळीच्या सुट्यांत गर्दी उसळते. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक असले तरी पाणवठ्यांवर वन्यप्राणी दिसण्याचा संभव अधिक, म्हणून जाणकार त्या दिवसांत येतात. लोणावळ्यास नेमके उलट! तेथे पाऊस हाच हंगाम; जो पाऊस मुक्कीचे भाडे उतरवितो तोच तेथे ते चढवितो.

यावरून प्रवाशाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी: सवलत खोलीवर असते, जंगलावर नसते. सफारीचे प्रवेशशुल्क शासन ठरविते. निवासगृह ते कमी करू शकत नाही. ऑगस्टमधील निम्म्या दरात गाभ्यातील सफारी मुळीच नाही. फार तर परिसरातील बफर क्षेत्राची फेरी मिळेल. दरात भोजन धरले आहे काय, सफारी धरली आहे काय आणि मुक्काम रद्द केल्यास पैसे परत मिळतील काय, हे आधी लेखी विचारावे. भरघोस सवलतीचे पैसे पुष्कळदा परत मिळत नाहीत. मोठा आकडा खोडून लिहिलेला लहान आकडा पाहून भुलण्यापेक्षा त्याच तारखांचे दोन-तीन ठिकाणचे एकूण बिल ताडून पाहणे बरे.

करामुळेही फरक पडतो, तो मात्र फारसा कोणी सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर पाच टक्के आहे, त्यावरील खोलीवर अठरा टक्के. आणि तो प्रत्यक्ष आकारलेल्या रकमेवर मोजला जातो. आठ हजारांची खोली करासह ९,४४० रुपयांस पडते. तीच दहा टक्के सवलतीने ७,२०० ला मिळाल्यास बिल ७,५६० होते. सवलत आठशेंची, बचत १,८८० ची.

घरी दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढणाऱ्या ग्रामस्थासही हाच हिशेब लागू आहे. त्याने जादा खर्चात घरच्या माणसांची, विशेषतः रांधणाऱ्या स्त्रियांची, मजुरी अवश्य धरावी; ती बहुधा धरली जात नाही आणि मग आठशेंचा खर्च तीनशेच दिसतो. शिवाय जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने भातशेतीच्या कामाचे. शेतात हात हवे असताना स्वस्तात पाहुणा घेण्यापेक्षा, त्या काळात खोल्या बंद ठेवून ऑक्टोबरपूर्वी छप्पर व गाद्या दुरुस्त करणे अनेकांस अधिक परवडते.