जुन्या मोटरहोमचं वजन कुठून उतरवावं?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. १९८९ची टॅल्बो एक्स्प्रेस मोटरहोम घेतली आहे. चढावर ती पार दमते. आतलं लाकडी फर्निचर काढून हलकं बसवावं का?

उत्तर : फर्निचरला इतक्यात हात लावू नका. आधी पाणी, गॅस, सामान, माणसं यांसकट गाडी वजनकाट्यावर न्या आणि दोन्ही एक्सलचं वजन वेगवेगळं घ्या. ते गाडीवरच्या पाटीतल्या कमाल भाराशी ताडून पाहा. मागच्या चाकांपलीकडे ठेवलेलं ओझं मागच्या एक्सलवर स्वतःच्या वजनाहून जास्त भार टाकतं, त्यामुळे बहुधा तोच आधी मर्यादा ओलांडतो.

पाणी लिटरला एक किलो. सत्तर लिटरची टाकी भरून निघणं म्हणजे आणखी एक माणूस फुकट फिरवणं! मुक्कामी भरा. शंभर अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण २५ किलोंची, लिथियमची जवळपास निम्मी. मात्र चार्जर तिला साजेसा हवा. भिंतींचं प्लायवूड ओलं असेल तर गळती थांबवा, ओलं लाकूड जड असतं. मूळ कपाटं राहू द्या, अशा गाडीची निम्मी शान त्यांतच असते. आणि दमण्याचा सगळा दोष वजनाचा नसेलही. कार्ब्युरेटर तपासा, ब्रेक धरून राहतात का तेही पाहा.