पाटलोणीची दुमड

1939 साली ब्रिटन लढाईत उतरला. लाखो शिपायांना गणवेश हवे होते. लोकर आणि कापूस समुद्रापलीकडून बोटींनी येई. शत्रू त्या बोटी बुडवी. मग साध्या माणसाला कापड कोठून मिळणार?

1 जून 1941 पासून सरकारने कपड्यांचे रेशन सुरू केले. पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला 66 कुपने मिळाली. आता हिशेब करा. कोटाला 13, जाकिटाला 5, पाटलोणीला 8. एका सुटातच 26 कुपने गेली! पैसे निराळे.

श्रीमंताला आणि मजुराला कुपने सारखीच. वरवर न्याय दिसतो. पण श्रीमंताचे भारी कापड वर्षानुवर्षे टिके. मजुराचे हलके कापड लवकर विरे. कुपने मात्र तितकीच लागत. म्हणून सरकारने ठरावीक प्रतीचे, बांधल्या दराचे कापड विकायला आणले.

1942 साली कायदा थेट शिंप्याच्या कात्रीपर्यंत आला. कोटाला खिसे तीनच. पुढच्या गुंड्याही तीनच. बाहीवर शोभेची गुंडी नाही. आणि पाटलोणीच्या पायाशी बाहेर वळवलेली दुमड नाही!

बाकीचे लोकांनी सोसले. दुमडीसाठी मात्र पुरुष फार चिडले. चार बोटे कापड ते काय, असे वाटते खरे. पण लाखो पाटलोणींचे धरा, तागेच्या तागे होतात. काहींनी युक्ती काढली. मुद्दाम लांब पाटलोण घ्यायची आणि घरी दुमडायची. म्हणजे कापड गेलेच की!

1944 च्या आरंभी सुटांवरची ही बंधने उठली. कुपने मात्र लढाई संपल्यावरही मार्च 1949 पर्यंत लागत होती.